७२०७ आणि ७२०७ मध्ये एवढा फरक कसला? जुन्या मिलिंग मशीनची स्पिंडल बेअरिंगं बदलण्याआधी

दुकानात ७२०७ नंबरचं बेअरिंग मागितलं, की काउंटरवर लगेच एक डबा येतो. तेच बेअरिंग मिलिंग मशीनच्या स्पिंडलसाठी, जोडीने हवंय म्हटलं, तर दुकानदार मुदत मागतो आणि भाव कित्येक पटींनी वाढवून सांगतो. आतला व्यास तोच, ३५ मिमी. बाहेरचा तोच, ७२. जाडी तीच, १७. शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर डोळ्यांना फरक दिसत नाही. जुनी मशीन स्वस्तात घेतलेल्या आणि आता तिच्या डोक्यातल्या घरघरीने वैतागलेल्या माणसाला ही सरळ लूट वाटते. लूट नाही ती. पण तो फरक नेमका कशात आहे हे कळलं नाही, तर महागडी जोडी घेऊनही ती वाया घालवणं फार सोपं असतं.

स्पिंडलची बेअरिंगं बदलणं हे ठोकाठोकीचं काम नाही, मोजण्याचं काम आहे. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, दाखवणारा डायल आणि सपाट सरफेस प्लेट जवळ नसेल, तर आधी ती कुणाकडून तरी उसनी आणावी. पान्याला हात त्यानंतर.

उदाहरण म्हणून ब्रिजपोर्टची टरेट मिलिंग मशीन घेऊ. १९३८ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, ब्रिजपोर्ट शहरात ती पहिल्यांदा बनली आणि पुढे जगभर तिच्या नकला निघाल्या. आपल्या टूलरूममध्ये एम-वन-टीआर म्हणून ओळखली जाणारी मशीनही त्याच घराण्यातली. नकलांमध्ये बेअरिंगचे नंबर बनवणाऱ्यागणिक बदलतात, त्यामुळे खरेदीआधी जुन्या रिंगवर कोरलेला नंबर वाचलाच पाहिजे. कामाची रीत मात्र सगळीकडे हीच.

आत असतं काय?

कटर धरून फिरणारा पोकळ दांडा म्हणजे स्पिंडल. त्याला पोटात घेऊन वर-खाली सरकणारी जाड नळी म्हणजे क्विल. स्पिंडल क्विलमध्ये तीन बेअरिंगांवर फिरतो. खाली, कटरच्या बाजूला, ७२०७ ची जोडी. त्या दोघांच्या मध्ये दोन स्पेसर, म्हणजे ग्राइंड केलेल्या कड्या: एक लहान, आतल्या दोन रेसच्या मध्ये, एक मोठी, बाहेरच्या दोन रेसच्या मध्ये. (रेस म्हणजे बेअरिंगची ती कडी, जिच्या खाचेत बॉल धावतात.) त्यावर एक लांब स्लीव्ह, तिच्यावर ६२०६ चं साधं बॉल बेअरिंग आणि सगळ्यात वर लॉकनट. हा नट स्लीव्हमधून दाब देत आतल्या सगळ्या रेस आणि लहान स्पेसर एकत्र आवळतो. बाहेरच्या रेस खालून क्विलच्या तोंडावरच्या आट्याच्या टोपीने धरलेल्या असतात.

वरचं ६२०६ फक्त स्पिंडलचं शेपूट सांभाळतं. त्याला क्विलमध्ये थोडं वर-खाली सरकायची मुभा असते आणि ती हवीच, कारण स्पिंडल तापला की लांबतो. कामाचा सगळा भार, कटरचा आडवा रेटा आणि ड्रिलचा उभा दाब, खालच्या जोडीवर येतो. अचूकपणाही तिच्याकडूनच मिळतो.

आधी खात्री: दोष बेअरिंगचाच आहे ना?

या मशीनच्या डोक्यातून येणाऱ्या आवाजांपैकी बरेचसे स्पिंडलच्या बेअरिंगचे नसतात. ब्रिजपोर्टच्या डोक्याचा टू-जे हेड नावाचा एक प्रकार आहे, त्यात मशीन चालू असताना वेग बदलता येतो. त्यासाठी मोटरच्या पुलीची एक थाळी सरकते आणि ती प्लास्टिकच्या बुशवर सरकते. हे बुश झिजले की डबड्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. काही शे रुपयांचा दोष आणि माणूस हजारो रुपयांची बेअरिंगं मागवून बसतो. दुसरा संशयित म्हणजे स्पिंडलला फिरवणाऱ्या वरच्या पुलीची बेअरिंगं. तिसरा, स्पिंडलच्या वरच्या टोकाच्या स्प्लाइन, म्हणजे पुलीत अडकणाऱ्या उभ्या खाचा. त्या झिजल्या की मशीन मोकळी चालताना खडखडते, कट घेताना गप्प होते.

म्हणून वेगळं करून ऐकावं. बेल्ट उतरवून नुसती मोटर चालवावी. मग वीज पूर्ण तोडून, बेल्टशिवाय, स्पिंडल हाताने फिरवावा. खालची जोडी खराब असेल तर हाताला बारीक खरखर लागते किंवा ठरावीक जागी अडखळल्यासारखं होतं.

आता प्ले, म्हणजे ढिलाई. इथे बहुतेकांची चूक डायलचं बूड कुठे लावायचं यात होते. बूड टेबलवर ठेवलं आणि टोक स्पिंडलला लावलं, तर काटा सगळ्यांची बेरीज दाखवतो: क्विल हेडमध्ये किती ढिली आहे, हेड किती लवतं आणि बेअरिंग किती ढिलं आहे. जुन्या मशीनमध्ये क्विलचं भोक झिजलेलं असतंच, आणि त्याचं खापर बेअरिंगवर फुटतं. डायलचं बूड क्विलवरच क्लॅम्प करावं, टोक स्पिंडलच्या नाकाला लावावं आणि क्विल लॉक करावी. मग टेबलवर लाकडी बॅटन ठेवून स्पिंडल खालून वर उचलावा, सोडावा. तसंच आडवा रेटावा, सोडावा. काटा दोन-चार मायक्रॉन हलून सोडताच जागेवर आला, तर तो पोलादाचा लवचीकपणा. दहा-पंधरा मायक्रॉन हलला आणि मध्ये कुठे ‘टक’ जाणवलं, तर तो प्ले.

तिसरी परीक्षा रनआउटची. फिरताना पृष्ठभाग डायलखाली जितका पुढे-मागे होतो तो रनआउट. स्पिंडलच्या नाकात कटरची पकड, म्हणजे कॉलेट, बसण्यासाठी आर८ मापाचं निमुळतं भोक, म्हणजे टेपर, असतं. डायल त्या टेपरच्या आत लावावा आणि स्पिंडल हाताने सावकाश दहा फेरे फिरवावा. काटा प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी तेवढाच वळत असेल, तर दोष टेपरचा किंवा स्पिंडलचा: कॉलेट आत घसरून फिरला असेल, टेपरला ओरखडे असतील, दांडा वाकला असेल. काटा प्रत्येक फेऱ्यात वेगळं काही सांगत असेल, तर बेअरिंगवर संशय घ्यावा. बेअरिंगचा पिंजरा आणि त्यातले बॉल स्पिंडलच्या साधारण ०.४ पट वेगाने फिरतात. त्यामुळे खराब बॉलची खूण दर फेऱ्याला त्याच जागी येत नाही. नवीन बेअरिंगने टेपर सरळ होणार नाही आणि टेपर ग्राइंड केल्याने बेअरिंग सुधारणार नाही. पैसे कुठे घालायचे ते या दहा फेऱ्यांत ठरतं.

प्रीलोड म्हणजे काय आणि तो मुद्दाम का द्यायचा?

७२०७ हे अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग आहे. त्यात बॉल रेसला सरळ न टेकता तिरपे टेकतात, त्यामुळे ते आडव्या भाराबरोबर एका दिशेचा उभा भारही घेतं. एकाच दिशेचा, म्हणून जोडी लागते. सायकलच्या चाकाचा हब ज्याने उघडला असेल त्याला हे लगेच कळेल. दोन बाजूंना दोन कोन, मध्ये छर्रे. कोन ढिला ठेवला तर चाक लडबडतं, फार आवळला तर अडतं, आणि मध्ये एक जागा अशी येते की प्ले पूर्ण जातो तरी चाक हलकं फिरतं. त्या जागेच्या किंचित पुढे जाऊन, बॉल आणि रेस एकमेकांवर कायम थोडे दाबलेले ठेवणं म्हणजे प्रीलोड. तो नसेल तर कटरचा दात जॉबला लागताच स्पिंडल आधी ढिलाईभर सरकतो आणि मग कापतो. दर दाताला हेच झालं की चॅटर, म्हणजे कटरची थरथर, येतं, पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि कार्बाइड कटरच्या कडा तुटतात.

सायकलची तुलना इथेच संपते. सायकलचा कोन आपण बोटाच्या अंदाजाने आवळतो. स्पिंडलमध्ये तो अंदाज चालत नाही, कारण सगळा खेळ पाच-दहा मायक्रॉनच्या आतला असतो. म्हणून प्रीलोड कारखान्यातच रेसच्या कडांमध्ये घडवलेला असतो. दोन बेअरिंगं पाठीला पाठ लावून ठेवली, की बाहेरच्या रेस टेकतात आणि आतल्या रेसमध्ये काही मायक्रॉनची फट राहते. ती फट ग्राइंडिंगने मुद्दाम सोडलेली असते. नट आवळला की ती मिटते आणि ठरलेला दाब आपोआप बसतो. नटाचं काम फट मिटवण्यापुरतं. त्यानंतर तो कितीही आवळला तरी प्रीलोड वाढत नाही. वाढतो तो स्पेसर आणि रेसवरचा ताण.

महागड्या जोडीचे पैसे बहुतांशी या फटीचे असतात.

डब्यावरची अक्षरं वाचायची कशी?

७२ म्हणजे एका ओळीचं अँग्युलर कॉन्टॅक्ट. ०७ ला पाचने गुणलं की आतला व्यास, ३५ मिमी. खरी माहिती त्यापुढच्या अक्षरांत असते.

पहिली गोष्ट कोन, म्हणजे बॉल रेसला किती अंश तिरपा टेकतो ते. ब्रिजपोर्टसारख्या स्पिंडलला १५ अंशांची जोडी योग्य. उभा भार फार असेल तर २५ अंश. दुकानात सहज मिळणारं ७२०७ बहुतेक वेळा ‘बी’ असतं, म्हणजे ४० अंशांचं, पंप आणि गिअरबॉक्ससाठी बनलेलं.

दुसरी गोष्ट अचूकपणाची श्रेणी. या मापाच्या बेअरिंगमध्ये आतल्या रेसचा रनआउट साध्या श्रेणीत १५ मायक्रॉनपर्यंत चालतो, पी६ मध्ये १०, पी५ मध्ये ५, पी४ मध्ये ४. अमेरिकी मोजणीत पी४ म्हणजे एबेक-७, आणि स्पिंडलला तीच श्रेणी हवी.

तिसरी गोष्ट जोडी आणि प्रीलोड. एसकेएफ कंपनीच्या नंबरात ‘सीडी’ असेल तर १५ अंश, ‘एसीडी’ असेल तर २५. ‘पी४ए’ श्रेणी सांगतं, ‘जीए’ हलका प्रीलोड. एफएजी कंपनीच्या नंबरात ‘पी४एस’ श्रेणी आणि ‘यूएल’ म्हणजे कशीही जुळवता येणारी, हलक्या प्रीलोडची. जुन्या अमेरिकी मशीनमध्ये फाफनीर कंपनीची बेअरिंगं सापडतात, त्यांवर ‘टूएमएम२०७डब्ल्यूआय’ असं लिहिलेलं असतं: ‘टू’ म्हणजे १५ अंश, ‘एमएम’ म्हणजे अतिअचूक, आणि पुढे ‘डीयूएल’ असेल तर हलक्या प्रीलोडची जोडी. या मशीनला हलका प्रीलोड पुरतो. जड प्रीलोड घेतल्याने ताकद वाढेल असं वाटतं, पण टू-जे हेड ४२०० आरपीएमपर्यंत जातं. तिथे जड प्रीलोडची उष्णता झेपत नाही.

नकली मालाचा धोका खरा आहे. अचूक बेअरिंगं हवाबंद पिशवीत येतात. रेसवर आणि डब्यावर सारखाच क्रमांक असतो आणि व्यास मूळ मापापेक्षा किती मायक्रॉन कमी आहे तेही लिहिलेलं असतं. ही माहिती नसलेली ‘पी४’ जोडी अर्ध्या किमतीत मिळाली तरी घेऊ नये. अधिकृत वितरकाकडूनच घ्यावी.

साधी दोन घालून नट आवळला तर काय होईल?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. मशीन चालेल. सैल मापाची भोकं पाडायची, कीवे खरडायचे एवढंच काम असेल तर महिनोन्‌महिने चालेल. पण साध्या बेअरिंगच्या दोन कडांचा एकमेकांशी हिशेब ठरलेला नसतो. मध्ये समान उंचीचे स्पेसर टाकून आवळलं, तर योगायोगाने प्ले उरेल किंवा योगायोगाने भरमसाट प्रीलोड बसेल. साध्यांपैकी काही प्रकार जोडीने वापरण्यासाठी असतात, नंबराच्या शेवटी ‘बीईसीबीपी’ असलेलं एसकेएफ त्यातलंच. पण त्यातलं ‘सीबी’ हे जोडीत मुद्दाम ठेवलेल्या ढिलाईचं चिन्ह आहे, प्रीलोडचं नाही. ही ढिलाई या मापात वीस मायक्रॉनच्या पुढे असते. म्हणजे जो प्ले काढायला डोकं उघडलं, तोच विकत आणून परत बसवला.

एक मधला मार्ग आहे: साधी बेअरिंगं घेऊन, त्यांची फट मोजून, आतला स्पेसर तेवढ्या मायक्रॉनने कमी ग्राइंड करायचा. ज्याच्याकडे सरफेस ग्राइंडर आणि कसलेला हात आहे त्याला ते जमतं. तरीही आतल्या रेसचा १५ मायक्रॉनचा रनआउट तसाच राहतो. तो कुठलाही स्पेसर काढू शकत नाही.

उघडताना

वीज तोडा. ड्रॉबार, म्हणजे कॉलेटला वरून ओढून धरणारी सळी, आणि कॉलेट काढून ठेवा. टेबलवर जाड फळी टाका, म्हणजे काही सटकलं तरी टेबल वाचेल. क्विल खाली आणून लॉक करा. क्विलच्या तोंडाशी बाजूला एक छोटा ग्रब स्क्रू असतो, बहुतेकदा मळाने बुजलेला. तो टोकदार सळीने साफ करून काढा, नाहीतर टोपी फिरवताना आटे खरवडले जातील. मग पिन स्पॅनरने किंवा पट्ट्याच्या पान्याने टोपी सोडवा. आटे उजवे असतात. फार जाम असेल तर हॉट एअर गनने क्विलचं तोंड गरम करा. गॅसची ज्योत लावू नका. टोपी निघाली की स्पिंडल, जोडी, स्लीव्ह आणि वरचं ६२०६ असा सगळा संच खालून बाहेर येतो. ६२०६ चा बाहेरचा व्यास ६२ मिमी, खालच्या जोडीच्या घराचा ७२, म्हणून ते आतून सुटून येतं. अडला तर वरून पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्याने हलके ठोके द्या आणि खाली कुणीतरी स्पिंडल धरून ठेवा.

काही काढण्याआधी प्रत्येक थराचा फोटो घ्या. जुन्या बेअरिंगची जाड कडा कोणत्या बाजूला होती ते लिहून ठेवा. लॉकनट सोडताना वॉशरचा वाकवलेला कान आधी सरळ करा. जुनी बेअरिंगं पुलरने कशीही ओढली तरी चालतील, ती जायचीच आहेत. स्पिंडलच्या बैठकीवर मात्र ओरखडा नको. टेपरमध्ये कॉलेटची दिशा धरणारी छोटी पिन असते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये तुटलेली असते. तिचा स्क्रू आता समोर आहे. पुन्हा हा योग लवकर येणार नाही, तेव्हा ती याच वेळी बदला.

स्पेसर: सगळं इथे ठरतं

जुने दोन्ही स्पेसर पुन्हा वापरता येतात, वापरावेतच. पण त्यांची उंची एकसारखी आहे हे मोजल्याशिवाय नव्हे. वर्कशॉपमधला मायक्रोमीटर दहा मायक्रॉन दाखवतो, त्याचा इथे उपयोग नाही. दोन्ही स्पेसर स्वच्छ पुसून, कडांवर फाइन ऑइलस्टोन हलक्या हाताने फिरवून, सरफेस प्लेटवर शेजारी ठेवा. एक मायक्रॉनचा डायल स्टँडला लावून लहान स्पेसरवर चार जागी टेकवा, तोच डायल न हलवता मोठ्यावर चार जागी टेकवा. मग दोन्ही उलटे करून पुन्हा तेच. सोळाही आकडे दोन मायक्रॉनच्या आत हवेत.

कारण अगदी सरळ आहे. पाठीला पाठ मांडणीत नट आतल्या रेस जवळ आणतो. आतला स्पेसर बाहेरच्यापेक्षा दहा मायक्रॉन बुटका असेल, तर रेस दहा मायक्रॉन जास्त जवळ येतात आणि हलका प्रीलोड जड होऊन बसतो. उंच असेल तर फट मिटतच नाही आणि नव्या जोडीत प्ले राहतो. दोन्ही वेळा बेअरिंगला दोष दिला जातो.

उंची जुळत नसेल तर दोन्ही स्पेसर सरफेस ग्राइंडरच्या चुंबकी चकवर एकत्र ठेवून, एकाच सेटिंगमध्ये, दोन्ही बाजू ग्राइंड करा. वेगवेगळे करू नका. एकत्र केले की दोघांची उंची आपोआप सारखी येते. एकूण उंची थोडी घटली तरी बिघडत नाही, फरक तेवढा नको. आणि नंतर दोन्ही डीमॅग्नेटाइझ करा. हे हमखास राहून जातं. चुंबक झालेला स्पेसर बेअरिंगच्या अगदी दारात बसून लोखंडाचा कीस गोळा करत राहतो.

बसवताना

नवीन बेअरिंग आणलं की रॉकेलमध्ये बुडवायचं आणि कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचं ही आपल्याकडची जुनी सवय. अचूक बेअरिंगचा तो अंत असतो. रॉकेलमधला गाळ रेसवर बसतो आणि कोरडे बॉल घसरून रेसला चरे पाडतात. पिशवी अगदी शेवटच्या क्षणी फोडावी. आतलं संरक्षक तेल बहुतेक ग्रीसना चालतं, ते धुवायची गरज नसते. हातात स्वच्छ हातमोजे हवेत. कोकणच्या पावसाळी हवेत घामट बोटाचा ठसा रेसवर गंज म्हणून उमटायला वेळ लागत नाही.

आता दिशा. बाहेरच्या रेसची एक कडा जाड असते, एक पातळ. जाड कडा म्हणजे पाठ. दोन्ही बेअरिंगांच्या पाठी एकमेकांकडे, मध्ये स्पेसर. अशा मांडणीत भाराच्या रेषा बाहेरच्या बाजूला फाकतात आणि लांब कटरच्या रेट्याला स्पिंडल जास्त ताठ राहतो. उलट बसवलं तर स्पेसरची अख्खी मेहनत फुकट.

आतल्या रेसवर एक ठिपका असतो. तिथे तिचा रनआउट सर्वाधिक असतो. स्पिंडलच्या बैठकीचा उंच बिंदूही डायलने शोधून खूण करावी आणि ठिपका त्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर ठेवावा. दोन चुका एकमेकींना खातात. चार मायक्रॉनची जोडी आणि तीन मायक्रॉनचा स्पिंडल यांतून एक-दोन मायक्रॉन मिळवण्याची ही फुकटातली युक्ती.

ग्रीस बेअरिंगं चढवण्याआधीच भरायचं असतं, ते पुढच्या भागात आहे. बसवताना गरम करणं सगळ्यात सुरक्षित. इंडक्शन हीटर किंवा तापमान दाखवणारी हॉट प्लेट, ८० ते ९० अंश, त्यावर नाही. ३० अंशांवरून ९० पर्यंत नेलं की ३५ मिमीचं भोक सुमारे २५ मायक्रॉनने मोठं होतं. बैठकीवरचा ताण जेमतेम काही मायक्रॉनचा, म्हणजे बेअरिंग हाताने सरकून बसतं. थंड होताना ते आकसून खांद्यापासून किंचित मागे सरकतं, म्हणून थंड होईपर्यंत स्लीव्ह आणि नटाने हलकं दाबून ठेवावं. प्रेस वापरायचा असेल तर दाब फक्त आतल्या रेसवर. बाहेरच्या रेसवर दिलेला दाब बॉलमधून आत जातो आणि रेसवर खड्डे पाडतो. ते दिसत नाहीत, पण पहिल्या दिवसापासून ऐकू येतात.

नट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. त्याने थर नीट बसतात. मग स्पिंडल व्ही-ब्लॉकवर ठेवून टोकाचा रनआउट बघा. नटाची कडा काटकोनात नसेल तर नट आवळल्यावर स्पिंडल खरोखर वाकतो, दहा-वीस मायक्रॉनसुद्धा. नट सोडून, थोडा फिरवून किंवा त्याची कडा दुरुस्त करून पुन्हा बघा. समाधान झालं की वॉशरचा कान वाकवा. क्विलचं घर आतून बोटाने चाचपून बघा, एखादी भुकटी राहिली तर बाहेरची रेस तिथेच लंबगोल होईल. संच आत सरकवा, टोपी बाहेरच्या रेस घट्ट टेकेपर्यंत आवळा, ग्रब स्क्रू लावा. टोपीला पाइप घालून लटकू नका.

ग्रीस किती आणि कोणतं?

थोडं. बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेच्या चौथा ते तिसरा हिस्सा. ७२०७ साठी एका बेअरिंगला साधारण ४ घनसेंमी. सुईशिवायच्या सिरिंजने बॉलच्या मध्ये मध्ये सोडावं, हाताने थापू नये. स्पिंडलसाठी क्लूबरचं आयसोफ्लेक्स एनबीयू १५ वर्षानुवर्षं वापरात आहे. चाकांचं लिथियम ग्रीस जास्त वेगाला टिकत नाही, आणि दोन ग्रीस मिसळणं तर टाळावंच. गच्च भरलेलं बेअरिंग ग्रीस घुसळत राहतं आणि घुसळण्यानेच तापतं.

पहिल्यांदा चालवताना

सगळ्यात कमी वेगापासून सुरुवात. अर्धा तास तिथे, मग पायरी पायरीने वर, प्रत्येक वेगाला वीस मिनिटं. क्विलच्या तोंडाला थर्मामीटर लावून तापमान लिहीत जावं. सुरुवातीला ते झपाट्याने चढतं, कारण ग्रीस अजून बॉलच्या वाटेतून बाजूला सरलेलं नसतं. मग उतरतं आणि स्थिरावतं. ६० अंशांकडे धावत सुटलं तर मशीन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावी आणि एक पायरी खालून पुन्हा सुरू करावं. मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४५ अंश असते, तिथे चालवण्याचं काम पहाटे करावं.

थंड केल्यावरही तापमान दर वेळी तितकंच पळत असेल, तर प्रीलोड जास्त आहे. आतली रेस बाहेरचीपेक्षा जास्त तापते, फुगते, त्याने प्रीलोड वाढतो, त्याने आणखी तापते. हे चक्र ‘चालवून चालवून सैल होईल’ असं म्हणून थांबत नाही. उघडून स्पेसर पुन्हा मोजावे लागतात.

सगळं बरोबर केलं, तरी टेपर डायलखाली हलतो?

तर बहुतेक टेपरच झिजलेला आहे. चांगल्या स्पिंडलचा टेपर आतून पाच मायक्रॉनच्या आत फिरतो. दहा-पंधरा दिसत असतील आणि काटा दर फेऱ्याला त्याच जागी वळत असेल, तर टेपर मशीनवरच, त्याच्या स्वतःच्या नव्या बेअरिंगांवर फिरवत ग्राइंड करता येतो. टेबलवर छोटा टूलपोस्ट ग्राइंडर आर८ च्या कोनात लावायचा, एकूण कोन १६ अंश ५१ मिनिटं. स्पिंडल हळू फिरवत, जेमतेम स्वच्छ होईल एवढंच काढायचं. स्पिंडल वेगळा काढून दुसऱ्या मशीनवर केलेलं ग्राइंडिंग परत बसवल्यावर तितकं अचूक राहत नाही. ग्राइंडिंगच्या आधी बेअरिंगं पूर्ण चालवून झालेली हवीत आणि क्विलचं तोंड चिकटपट्टीने नीट बंद हवं, कारण ग्राइंडिंगची धूळ नव्या जोडीत गेली तर सगळं काम पहिल्यापासून.

आणि त्यानंतरच्या दोन रोजच्या गोष्टी. कॉलेट सोडवताना ड्रॉबार एकच फेरा ढिला करून पितळी हातोडीने हलका ठोका द्यावा. लोखंडी हातोड्याचा दणका थेट खालच्या जोडीच्या रेसवर जातो. आणि कट झाल्यावर चिप्स उडवायला स्पिंडलच्या नाकावर हवेची नळी धरू नये. टोपी आणि स्पिंडलमधल्या फटीतून कूलंट आणि कीस त्या हवेबरोबर आत शिरतात. चिप्स ब्रशने झाडाव्यात.